सनदेंतील धर्मस्वातंत्र्य

एखाद्या सत्कृत्याचें मूल्य कर्त्याच्या हेतूवरून ठरवावें कीं त्याच्या परिणामावरून, हा नीतिशास्त्रांतील फार जुना वाद आहे. तो शास्त्राच्या पोथींतच राहिला असता तर त्याकडे न पाहतांहि संसारी माणसास आपला मार्ग आक्रमितां आला असता. परंतु धर्मस्वातंत्र्याच्या प्रश्नांत हा वाद आपल्या दारापर्यंत येतो. शेजारच्या माणसास त्याच्या देवाची उपासना त्याच्या पद्धतीनें करूं द्यावी, हें आज बहुतेक सुशिक्षित मंडळी मान्य करितात. पण तें कां मान्य करावें असें विचारलें तर उत्तरें निरनिराळीं येतात. कोणी म्हणतो, सर्व मार्ग अखेर एकाच ठिकाणीं पोंचतात म्हणून. कोणी म्हणतो, भांडणानें व्यापारउदीम बुडतो म्हणून. कोणी म्हणतो, कायद्याची तशी आज्ञा आहे म्हणून. पहिलें उत्तर ऐकावयास गोड लागतें, दुसरें व्यवहारी वाटतें, आणि तिसऱ्यानें वादच संपतो असा भास होतो. यांपैकीं कोणत्या पायावर हें स्वातंत्र्य अधिक काळ उभें राहूं शकतें, हें पाहण्यास एक जुनें उदाहरण हाताशीं आहे, व तें परदेशांतलें नसून आपल्याच मुंबईच्या स्थापनेचें आहे.

इ. स. १६६१ च्या जूनमध्यें इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा तह झाला, आणि त्यांत मुंबईचें बेट इंग्लंडच्या राजास आंदण म्हणून मिळालें. बेटावरील रहिवाशांस रोमन कॅथलिक धर्माचें आचरण मोकळेपणानें करूं द्यावें, अशी अट त्या तहाच्या अकराव्या कलमांतच घातलेली होती. प्रत्यक्ष ताबा मिळण्यास १६६५ साल उजाडलें. आणि बेटाचें उत्पन्न थोडें व खर्च जड असें दिसून आल्यावर राजानें १६६८ च्या मार्चमध्यें तें ईस्ट इंडिया कंपनीस दरसाल दहा पौंड खंडानें देऊन टाकलें. हाच राजा स्वतःच्या देशांत काय करीत होता तेंहि पाहण्यासारखें आहे. १६६४ च्या कायद्यानें तेथें राजमान्य पंथाबाहेरील लोकांनीं पांचांहून अधिक संख्येनें जमून उपासना करणें हा गुन्हा ठरला होता. जॉन बन्यन हा भाविक उपदेशक परवान्यावांचून प्रवचनें केल्याबद्दल १६६० पासून १६७२ पर्यंत बेडफर्डच्या तुरुंगांत होता. आणि याच राजानें १६६३ च्या जुलैमध्यें अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड या वसाहतीस जी सनद दिली तींत, धर्ममतांतील भेदाबद्दल कोणासहि उपद्रव होऊं नये असें स्पष्ट लिहिलेलें आहे. घरीं तुरुंग आणि समुद्रापलीकडे मोकळीक! तात्त्विक दृष्टीनें ही उघड विसंगति होय. राजाच्या दृष्टीनें मात्र तशी ती नव्हती. घरीं माणसें पुष्कळ होतीं आणि एकमत हवें होतें. वसाहतींत जमीन पुष्कळ होती आणि माणसें हवीं होतीं.

कंपनीची गरज राजाच्या गरजेहूनहि उघड होती. तिची मुख्य वखार सुरतेस होती. पण सुरत हें मोंगलांचें बंदर. तेथील सुभेदाराची मर्जी फिरली कीं वखारीचा व्यवहार अडे, आणि १६६४ सालीं शिवाजीमहाराजांनीं सुरत लुटली तेव्हां मोंगलांचें संरक्षण किती पोकळ आहे हेंहि कळून आलें होतें. म्हणून स्वतःच्या मालकीचें व स्वतःच्या तोफांच्या आश्रयाखालचें बंदर कंपनीस पाहिजे होतें. मुंबईचें बंदर उत्तम होतें, पण त्यावांचून तेथें दुसरें फारसें कांहीं नव्हतें. दलदल, रोगट हवा, नारळाच्या बागा, कोळ्यांचीं व भंडाऱ्यांचीं घरें आणि थोडे पोर्तुगीज जमीनदार, एवढाच त्या बेटाचा संसार. तट बांधण्यास दगड व मजूर पुरतात. पेठ वसविण्यास व्यापारी आपण होऊन यावे लागतात. ते येणार तर सुरतेहून, दीवहून, भडोचेहून. आणि येतांना आपलें सोंवळें, आपले विवाहविधि, आपलें स्मशान हीं सर्व बरोबर घेऊन येणार.

जेराल्ड आंजियर या गव्हर्नरानें हें नीट ओळखलें. १६६९ पासून १६७७ सालीं सुरतेस मृत्यु येईपर्यंत त्यानें मुंबईचा कारभार पाहिला. १६७२ मध्यें त्यानें बेटावर न्यायकचेरी उघडली, आणि निरनिराळ्या जातींच्या व धर्मांच्या लोकांनीं आपसांतील तंटे आपापल्या पंचायतींमार्फत तोडावे असें धोरण आंखलें. पारशांचा पहिला दोखमा मलबार टेकडीवर याच काळांत उभा राहिला. इंग्रजांच्या हातीं आलें तेव्हां बेटावर सुमारें दहा हजार वस्ती होती असें मानतात. १६७५ च्या सुमारास डॉ. जॉन फ्रायर हा प्रवासी ती साठ हजार सांगतो. त्याचा अंदाज फुगलेला आहे असें धरलें तरी वस्ती झपाट्यानें वाढली याबद्दल शंका उरत नाहीं. मुंबईच्या इतिहासकारांनीं आंजियरला या शहराचा खरा संस्थापक म्हणून गौरविलें आहे, व त्याच्या सहिष्णुतेची विशेष वाखाणणी केली आहे.

या सहिष्णुतेची परीक्षा मात्र तिच्या प्रारंभींच होऊन गेली होती. १६६९ सालीं सुरतेच्या काजीनें तेथील वाण्यांवर धर्मांतराची बळजबरी चालविली. तेव्हां वाण्यांच्या पुढाऱ्यांपैकीं पांच जण आंजियरला भेटले आणि मुंबईस आपणांस आसरा मिळेल काय, असें त्यांनीं विचारलें. आंजियरला त्यांच्याविषयीं सहानुभूति वाटत होती. पण त्यानें आसरा दिला नाहीं. तूर्त अहमदाबादेस जावें आणि तेथून बादशहाकडे अर्ज करावा, असा सल्ला त्यानें दिला. बादशहाचा रोष ओढवला तर सुरतेची वखार जाईल, हें भय त्याच्यापुढें होतें. हा बादशहा म्हणजे औरंगजेब. ज्याच्या नांवानें आमचें शहर २०२३ पर्यंत ओळखलें गेलें, जो तरुणपणीं दक्षिणेचा सुभेदार म्हणून येथें राहिला, आणि ज्याची साधी कबर येथून जवळच खुलताबादेस आहे. अखेर सप्टेंबरच्या २४ तारखेस सुमारें आठ हजार वाणी घरेंदारें सोडून भडोचेस निघून गेले. सुरतेची टांकसाळ व जकातीची कचेरी बंद पडल्यासारखी झाली, आणि बाजार ओस पडला. तेव्हां कोठें बादशहाकडून अभयाचें पत्र आलें, व डिसेंबरांत मंडळी परत आली.

या प्रसंगांत दोन सत्ताधीश दिसतात. एकाचा धर्माभिमान प्रखर होता व दुसऱ्याचा व्यवहार सावध होता. परंतु ज्यांच्यावर संकट आलें होतें त्यांस दोघांच्याहि अंतःकरणाचा उपयोग झाला नाहीं. आंजियरची सहानुभूति त्यांस वांचवूं शकली नाहीं, आणि बादशहाचें मन तीन महिन्यांत पालटलें असें मानण्यास आधार नाहीं. जकातीचें उत्पन्न थांबलें, एवढी एकच गोष्ट खरोखर घडली होती. आपण निघून गेलों तर राज्याचें नुकसान होतें, हें त्या आठ हजारांस दाखवून देतां आलें, आणि त्यांचा धर्म राहिला. ज्याच्या जाण्यानें कोणाचेंच नुकसान होत नाहीं, अशा माणसानें त्या वर्षीं सुरतेस काय केलें असेल, हा प्रश्न येथेंच मनांत उभा राहतो. त्याकडे आम्ही पुढें वळणार आहों.

आठ वर्षांनीं, म्हणजे १६७७ सालीं, दीव येथील नीमा पारेख या वाणी व्यापाऱ्यानें मुंबईस येऊन राहण्याचा विचार केला, आणि येण्यापूर्वीं आपल्या अटी कंपनीपुढें लेखी मांडल्या. ह्या अटींचा कागद धर्मस्वातंत्र्याचा विचार करणाऱ्यानें अवश्य पाहावा असा आहे. घरासाठीं व वखारीसाठीं बिनभाड्याची जमीन, पहारा देण्याच्या कामांतून सूट, फिर्याद झाल्यास पूर्वसूचनेवांचून उघड अटक न होण्याची हमी, युद्धप्रसंगीं कुटुंबासाठीं व मालासाठीं किल्ल्यांत जागा, पालखी व घोडे बाळगण्याची मोकळीक, नोकरांस तरवारी व कट्यारी बाळगण्याची परवानगी, हीं त्यांतील कांहीं कलमें. परंतु सर्वांत विस्तृत कलम धर्माविषयींचें आहे. आपणांस व आपल्या जातीच्या ब्राह्मणांस व गुरूंस घरांत धर्माचरण निर्वेधपणें करूं द्यावें. आपल्या आवारांत कोणीहि इंग्रज, पोर्तुगीज, अन्य ख्रिस्ती किंवा मुसलमान यांनीं राहूं नये व तेथें जीवहत्या करूं नये. तक्रार होतांच अपराध्यास कडक शासन व्हावें. आपल्या रीतीप्रमाणें प्रेतदहन व विवाहविधि करूं द्यावे. आणि आपल्यापैकीं कोणासहि, मग त्याचें वय, लिंग वा स्थिति कोणतीहि असो, ख्रिस्ती होण्यास भाग पाडूं नये, किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध ओझें वाहण्यास लावूं नये.

या कलमांतील शब्द सहज पडलेले नाहींत. दीव पोर्तुगीजांचें होतें. आणि पोर्तुगीज मुलखांत बाप वारलेलीं हिंदु मुलें ताब्यांत घेऊन त्यांस ख्रिस्ती करण्याचा कायदा १५५९ पासून चालत आला होता. ‘वय कोणतेंहि असो’ या शब्दांच्या मागें तीं पोरकीं मुलें उभीं आहेत असें आम्हांस वाटतें. शेवटचा भाग तर याहूनहि विचारणीय आहे. धर्मांतराची सक्ति व वेठीची सक्ति या दोन गोष्टी नीमा पारेखानें एकाच वाक्यांत घातल्या. देव आणि ओझें यांचा संबंध काय, असें वरवर पाहणारास वाटेल. पण ज्याच्या पाठीवर दुसऱ्याच्या हुकुमानें ओझें चढतें, त्याच्या मनांत कोणता देव असावा हेंहि दुसराच ठरवूं लागतो, ही गोष्ट त्या व्यापाऱ्यास अनुभवानें ठाऊक होती. आपल्या मनावर सत्ता आपली असावी, हें म्हणण्यास आधीं आपल्या शरीरावर सत्ता आपली असावी लागते.

मुंबईच्या कौन्सिलनें या कलमास दिलेलें उत्तर थोडें रुष्टच आहे. त्याचा आशय असा कीं, हें सर्व येथें सर्वांसच आहे; वाणी आपलीं प्रेतें निर्वेधपणें जाळतात, त्यांच्या वस्तीजवळ आम्ही कोणासहि जीवहत्या करूं देत नाहीं; बळानें ख्रिस्ती करण्याच्या बाबतींत तर सारें जग आमच्या वतीनें साक्ष देईल; आणि इच्छेविरुद्ध कोणी ओझेंहि वाहत नाहीं. हें उत्तर खरें मानलें तर एक प्रश्न उरतो. जें सर्वांस आधींच मिळत होतें, तें नीमा पारेखानें पुन्हां लेखी कां मागावें? आमच्या मतें या मागणींतच त्याचें शहाणपण आहे. वहिवाट ही देणाराच्या मर्जीवर चालते. आजचा गव्हर्नर भला आहे, उद्यांचा कोण येईल हें सांगतां येत नाहीं. कागदावर उतरलेली गोष्ट मागणाराची होते. तिच्या आधारें त्यास कचेरींत उभें राहतां येतें. नीमा पारेखानें दया मागितली नाहीं. उपकारास हक्काचें रूप देण्याचा तो प्रयत्न होता, आणि म्हणूनच तो आंजियरच्या सहिष्णुतेहून अधिक मोलाचा आहे. देणाराचा हेतु स्वार्थाचा असला तरी घेणारा जर त्यास लेखी वचनांत बांधूं शकला, तर त्या हेतूचा मलिनपणा पुढें फारसा बाधत नाहीं.

येथें व्यवहारवादी वाचक म्हणेल, “मग झालें तर! स्वार्थानें सनद दिली, सनदेनें हक्क दिला. यांत उणें काय आहे?” उणें आहे, आणि तें त्याच बेटाच्या पुढील इतिहासांत दिसतें. कॅथलिकांच्या हातीं तर एका व्यापाऱ्याच्या अर्जाहून कितीतरी भारी कागद होता. दोन राजांच्या तहांतील तें कलम होतें. तथापि पोर्तुगीजांशीं वितुष्ट वाढल्यावर कंपनीनें १७२० सालीं पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांस मुंबईंतून घालवून दिलें व तेथील देवळें कार्मेलाइट पाद्र्यांच्या स्वाधीन केलीं. उपासना बंद झाली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पण आपले धर्मगुरु कोण असावे हें त्या लोकांस विचारण्यांत आलें नाहीं. ज्या मुंबादेवीवरून शहराचें नांव पडलें तिचें जुनें देऊळहि किल्ल्याच्या बंदोबस्ताच्या कामीं आड येतें म्हणून अठराव्या शतकांत मूळ जागेवरून हलविलें गेलें. ती कोळ्यांची देवी. कोळी बेटावर सर्वांच्या आधींचे. परंतु ते कोठून येणार नव्हते आणि कोठें जाणारहि नव्हते. त्यांस बोलावून आणण्याची गरज नव्हती, म्हणून त्यांच्याशीं करार करण्याचीहि गरज कोणास भासली नाहीं.

अमेरिकेंतील उदाहरण याच जातीचें आहे. मॅसॅच्युसेट्समधून धर्ममतांसाठीं हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्सनें १६३६ सालीं नॅरागॅन्सेट लोकांपासून जमीन मिळवून प्रॉव्हिडन्स वसविलें. राज्यसत्तेनें माणसाच्या विवेकबुद्धींत हात घालूं नये, हें त्याचें मत मनापासूनचें होतें, स्वार्थाचें नव्हतें. तरी चाळीस वर्षांच्या आंत, १६७५ च्या डिसेंबरांत, शेजारच्या वसाहतींच्या फौजांनीं नॅरागॅन्सेटांच्या तटबंदीच्या वस्तीवर हल्ला करून त्यांची भयंकर कत्तल केली. राजाची सनद वसाहतवाल्यांच्या हातीं होती. ज्यांच्या भूमीवर तें स्वातंत्र्य नांदत होतें ते त्या सनदेच्या बाहेरच होते.

तर मग हेतु शुद्ध असावा, एवढाच यावर उपाय आहे काय? तसें म्हणण्यापूर्वीं गोव्याकडे दृष्टि टाकली पाहिजे. गोव्यांतील इन्क्विझिशन १५६० सालीं सुरू झालें आणि मधला थोडा खंड सोडल्यास १८१२ पर्यंत चाललें. साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं. मंगेशाचें लिंग कुशस्थळीहून प्रियोळास, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास नेण्यांत आली. शेंकडों कुटुंबें घाट चढून व समुद्रकिनाऱ्यानें देशोधडीस लागलीं. या सर्व छळाच्या मागें केवळ लोभ होता असें म्हणतां येणार नाहीं. आपण या लोकांचे आत्मे नरकापासून वांचवीत आहों, अशी त्या धर्मगुरूंपैकीं कित्येकांची प्रामाणिक श्रद्धा होती. त्याच गोव्यांत १५७९ सालीं फादर थॉमस स्टीफन्स आला. त्याच्या मायदेशीं, इंग्लंडांत, कॅथलिक उपासनेस बंदी होती. तेथें राहता तर तुरुंग किंवा फांसी त्याच्या वांट्यास आली असती. येथें येऊन तो आमच्या भाषेवर लुब्ध झाला आणि १६१६ सालीं त्याचें ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालें. स्वदेशीं ज्यास देव भजण्याची मोकळीक नव्हती असा हा सत्पुरुष, जेथें दुसऱ्यांस ती मोकळीक नव्हती अशा राज्याच्या आश्रयानें, मराठींत ओंव्या रचीत होता! श्रद्धा कितीहि शुद्ध असली तरी तिच्या हातीं राजदंड आला कीं काय होतें, याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण. या मानानें पाहतां आंजियरचा थंड हिशेब पुष्कळ बरा. हिशेबी माणूस निदान दुसऱ्याच्या आत्म्याचा ताबा मागत नाहीं.

एवंच, स्वार्थ सोयीपुरता उदार असतो, आणि शुद्ध श्रद्धा सत्तेशीं जोडली गेली तर निर्दय होऊं शकते. म्हणून देणाराच्या हेतूंत या प्रश्नाचें उत्तर शोधणें आम्हांस निष्फळ वाटतें. उत्तर शोधावयाचें तें घेणाराच्या बाजूनें. ज्याच्याजवळ देण्यासारखें कांहीं नाहीं, त्याच्यापर्यंत हें स्वातंत्र्य पोंचतें काय, ही त्याची खरी कसोटी होय. सुरतेचे वाणी शहर ओस पाडूं शकत होते. नीमा पारेख भांडवल आणूं शकत होता. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली तेव्हां शरण येणाऱ्या पोर्तुगीजांजवळहि तटाच्या किल्ल्या होत्या, आणि म्हणून मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या धर्माचरणास मोकळीक देणारें कलम त्यांस तहांत घालून घेतां आलें. हे सर्व सौदे होते. ते चांगले सौदे होते, आणि त्यांनीं पुष्कळांचें रक्षण झालें. परंतु सौद्यास दोन पक्ष लागतात, आणि ज्याच्या हातांत कांहीं नाहीं तो पक्ष होऊंच शकत नाहीं.

आमच्या शहराचा इतिहास या बाबतींत विलक्षण आहे. १६१० सालीं खडकी या नांवानें तें ज्यानें वसविलें, ज्यानें डोंगरांतून नहर आणून त्यास पाणी दिलें, तो मलिक अंबर हबसाणांत जन्मला आणि लहानपणींच गुलाम म्हणून विकला गेला. त्याचा धर्म व त्याचें नांव हीं दोन्ही मालकांनीं त्यास दिलेलीं. पुढें तो निजामशाहीचा आधार झाला, आणि त्या धर्मावर त्याची निष्ठाहि जडली असेल. पण आरंभीं त्यास कोणीं विचारलें नव्हतें. ज्याच्या देहावर मालकी दुसऱ्याची, त्याचा देवहि दुसऱ्यानें ठरविलेला! नीमा पारेखाच्या त्या एका वाक्याची उलट बाजू येथें दिसते.

आणि याच शहरांत, १९५० सालीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें महाविद्यालय काढलें, ज्यास पुढें ‘मिलिंद’ हें नांव मिळालें. बाबासाहेबांनीं महार वतनाच्या पद्धतींतील वेठ मोडण्यासाठीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बिल आणलें होतें. १९३५ सालीं येवल्यास त्यांनीं धर्मत्यागाची घोषणा केली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. वेठ आणि धर्म हे दोन प्रश्न येथेंहि एकाच माणसाच्या कार्यांत एकत्र आले, तो योगायोग नव्हे. फरक एवढाच कीं, नीमा पारेख आपल्या जातीपुरतें मागत होता व त्यासाठीं देऊं करण्यास त्याच्याजवळ भांडवल होतें. नागपुरास जमलेल्या माणसांजवळ आपल्या निश्चयावांचून दुसरें कांहीं नव्हतें. त्यांस त्या निश्चयाची किंमतहि द्यावी लागली. अनुसूचित जातींस मिळणाऱ्या केंद्रीय सवलती बौद्धांस लागू होण्यास १९९० साल उजाडावें लागलें. धर्म बदलण्याची मोकळीक होती, पण बदलला तर सवलत जाईल असें चौतीस वर्षें सांगितलें जात होतें. म्हणजे स्वातंत्र्य देऊन त्यावर जकात बसविण्यासारखेंच तें झालें.

महाविद्यालयाच्या नांवामागची कथा सुशिक्षित वाचकांस ठाऊक असेलच. यवन राजा मिलिंद व भिक्षु नागसेन यांचा संवाद सुरू होण्यापूर्वीं नागसेनानें अट घातली कीं, बोलणें पंडितांच्या रीतीनें व्हावें, राजांच्या रीतीनें नव्हे. कारण पंडितांच्या वादांत हार झाली तरी कोणी रागावत नाहीं, आणि राजांच्या वादांत जो विरुद्ध बोलतो त्यास शिक्षा होते. राजानें ती अट मान्य केली. भिक्षापात्रावांचून ज्याच्याजवळ कांहीं नाहीं असा माणूस राजास अट घालतो, आणि राजा ती पाळतो, यांत धर्मस्वातंत्र्याची जी कल्पना आहे ती १६७७ च्या कागदांतील कल्पनेहून एक पायरी वर आहे. नागसेनानें बदल्यांत कांहीं देऊं केलें नव्हतें.

आपल्या राज्यघटनेचें पंचविसावें कलम १९५० पासून अमलांत आहे. तें सर्व व्यक्तींस सारखेंच विवेकस्वातंत्र्य देतें. जातीस, पंचायतीस किंवा व्यापारी संघास नव्हे, व्यक्तीस. ही गोष्ट लहान नाहीं. आंजियरच्या मुंबईंत धर्माचें स्वातंत्र्य समाजांस होतें. त्या समाजाच्या आंत ज्याचें मत निराळें पडे त्यास पंचायतीपुढें मान लववावी लागे. जातपंचायतींनीं वाळींत टाकलेल्या माणसांसाठीं महाराष्ट्रास २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध निराळा कायदा करावा लागला, यावरून तो जुना दाब अद्याप किती शिल्लक आहे याची कल्पना येते. नीमा पारेखाच्या अर्जांतील एक कलम आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत आजहि जिवंत आहे: आमच्या आवारांत अमुक धर्माच्या माणसानें राहूं नये. १६७७ मध्यें परक्या सत्तेखालीं येणाऱ्या एका भयभीत कुटुंबानें तें मागितलें तर समजूं शकतें. आज घटनेच्या आश्रयाखालीं निर्भयपणें राहणाऱ्या सुखवस्तु गृहस्थानें घर भाड्यानें देतांना तेंच कलम मनांतल्या मनांत लावावें, याचें समर्थन कोणत्या भयानें करणार?

कायद्यानें आपलें काम केलें आहे, म्हणून आतां आपणांस कांहीं करावयाचें उरलें नाहीं, असें मानण्याकडे मध्यमवर्गाची प्रवृत्ति असते. परंतु घटनेचा लेख नीमा पारेखाच्या कागदासारखाच एक कागद आहे. तो वापरण्यास वकील लागतो, वेळ लागतो, पैसा लागतो, आणि बहुधा हें सर्व ज्याच्याजवळ असतें त्यास त्या कागदाची फारशी गरज पडत नाहीं. गरज पडते ती भाड्याच्या खोलीसाठीं दारोदार फिरणाऱ्या विद्यार्थ्यास, गांवच्या पाणवठ्यावर आडनांव सांगतांना अडखळणाऱ्या मजुरास, घरच्यांच्या देवाहून निराळा देव मानणाऱ्या किंवा कोणताच न मानणाऱ्या मुलीस. यांपैकीं कोणीहि आपल्या बेटावर व्यापार वाढविण्यास आलेला नसतो, आणि त्यांस नाकारल्यानें कोणाची जकात बुडत नाहीं. म्हणूनच त्यांच्याशीं आपण कसें वागतों यावर आपल्या धर्मस्वातंत्र्याची किंमत ठरणार आहे. ज्याच्यापासून आपणांस कांहींच मिळावयाचें नाहीं, अशा माणसाच्या श्रद्धेस किंवा अश्रद्धेस आपण जागा दिली, तर तीन शतकांपूर्वीं एका व्यापाऱ्यानें जें आपल्या जातीपुरतें मागितलें तें आपण सर्वांपुरतें मान्य केलें, असें म्हणतां येईल.